फोनची पाठ आणि माझा चेहरा

आमच्या दुकानात काउंटरच्या कोपऱ्यावर एक उभा आरसा ठेवलेला असायचा. मोबाइलच्या दुकानात आरशाचं काय काम, असं मी नवी असताना सेठजींना विचारलं होतं. ते हसले. "बेटा, ग्राहक नया फोन कान पे लगाता है और शीशे में देखता है. एक बार देख लिया, तो समझो बिक गया." पुढे कितीतरी वर्षं मी ते खरं होताना पाहिलं.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या, "वैशाली, तू इतकी वर्षं मोबाइलच्या दुकानात काढलीस. कोणता फोन घ्यावा, निवडताना काय बघावं, असं काही लिही. लोकांच्या उपयोगी पडेल." ते मी लिहिणार नाही. कारण विचारून-सवरून फोन घेणारा माणूस मला क्वचितच भेटला. लोक फोन कसा घेतात आणि मग त्यात कसे अडकतात, तेवढं मला सांगता येईल.

मी वैशाली मेश्राम. राहते महाराजपुरात, अधारतालच्या पुढे. वडील भंडाऱ्याकडून इथल्या फॅक्टरीत नोकरीला आले आणि आम्ही जबलपूरचे झालो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. दुकान गोरखपूर बाजारात होतं. सेठजींनी मला कामावर घेतलं ते माझ्या बी.कॉम.मुळे नाही. ते स्पष्टच बोलले होते, "हिंदी साफ है, चेहरा अच्छा है, मुस्कुराती हो. काउंटर के लिए और क्या चाहिए." मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. उलट घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "चेहऱ्याची नौकरी चेहरा हाये तोवर." मी तिच्यावर चिडले होते.

बाहेरच्यांसाठी हा धंदा थोडक्यात सांगते. दुकानात ग्राहक आला की तो आधी फोन उलटा करतो. पडदा सगळ्यांचा सारखाच काळा. ओढ लागते ती पाठीची. रंग, चमक, कॅमेऱ्याच्या भिंगांची मांडणी, कडा गोल की चपट्या. मग अंगठ्याने पाठ कुरवाळतो. मग तो आपल्याला दोन-तीन प्रश्न विचारतो, बॅटरी किती, मेमरी किती, कॅमेरा किती. उत्तर देताना मी ग्राहकाचे डोळे बघायची. तो ऐकत नसायचा. प्रश्न आमच्यासाठी नसायचेच, सोबत आलेल्या नवऱ्यासाठी नाही तर मेव्हण्यासाठी असायचे, म्हणजे आपण बघून-सवरून घेतोय असं दिसावं. रंग ठरवण्यात अर्धा तास जायचा. आणि बिल झाल्यावर तोच माणूस म्हणायचा, "दीदी, इसपे एक अच्छा सा मोटा कवर चढ़ा दो." ज्या पाठीसाठी जीव टाकला ती काळ्या रबरात बंद. मला पहिल्यांदा हसू यायचं, नंतर यायचं बंद झालं.

उलटी माणसंही होती, पण थोडी. मझौलीचे एक किराणा व्यापारी जुना, जाडजूड, कोपरे उडालेला फोन रबरबँड लावून आणायचे. दर दिवाळीला त्यांचा मुलगा त्यांना नवीन घ्यायला ओढत आणायचा. ते सगळे फोन हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. "इसमें टॉर्च का बटन किधर है?" टॉर्च आहे, पण पडद्यावर आहे, असं मी दाखवायची. "अँधेरे में परदा ढूँढूँ कि टॉर्च?" असं म्हणून ते रबरबँड नीट करून निघून जायचे. मुलगा माझ्याकडे लाजून बघायचा. मला ते गृहस्थ आवडायचे, पण अशा ग्राहकांवर दुकान चालत नाही.

माझं बरं चाललं होतं. सगळ्यात जास्त विक्री माझी असायची. बायका लांबून आवाज द्यायच्या, "वैशाली दीदी को बुलाओ." आणि मग एका उन्हाळ्यात माझ्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका दिसला. मला वाटलं टूथपेस्ट लागली. पुसला, गेला नाही. काही महिन्यांत ओठाभोवती, मग दोन्ही पापण्यांवर, मग बोटांच्या पेरांवर. कोड. डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की यानं तब्येतीला काही होत नाही, कोणाला लागतही नाही. तब्येतीला खरंच काही झालं नाही.

त्या दिवसांतली एक ग्राहक मला अजून जशीच्या तशी दिसते. शहपुऱ्याची बाई, चाळिशी ओलांडलेली, गोरीपान, कडक इस्त्रीची साडी. तिचं नाव सरोज पटेल, हे मला नंतर कळलं. तिला पिकल्या पीचसारख्या गुलाबी-केशरी रंगाचा एक फोन आवडला. लांबूनच बोट दाखवलं, "वो वाला." मी काढून तिच्या हातात दिला. तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. पर्समधून रुमाल काढला. फोन पुसला. पुढून, मागून, आणि मग जिथे माझी बोटं लागली होती त्या कडा पुन्हा एकदा. त्यानंतर कानाला लावला आणि आरशात पाहिलं. खूश झाली.

"यही लूँगी. पर डिब्बा बंद देना," ती म्हणाली. आणि माझ्या शेजारच्या मुलीकडे वळून, "बेटा, तुम निकाल दो ना."

शेजारच्या मुलीनं काढून दिला. ती विक्री माझ्या नावावर लागली की तिच्या, ते मी विचारलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, "माह्या आजीनं दिलेला गिलास लोक राखेनं घासून घेत. आडनाव आयकून घासत होते. तुह्या वक्ती चेहरा पाहून पुसून राहिले. तू काहून रडतं? तू कोनाच्या घरी मांगायला गेली होती काय?" मी रडत नव्हते. पण ती म्हणाली म्हणून रडू आलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. वाईट माणूस नव्हता. चहा मागवला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "मैं जानता हूँ, छूत की बीमारी नहीं है. मेरे साले को भी है. लेकिन दुकान तो शक्ल पे चलती है, बेटा."

"बिक्री तो आज भी सबसे ज़्यादा मेरी है, सेठजी."

"है," ते म्हणाले. "इसीलिए निकाल नहीं रहा."

मला मागच्या खोलीत पाठवलं. रिपेअरिंगला.

ती खोली दुकानाच्या अगदी शेवटी होती. भिंतीत एक छोटी खिडकी, तिला लाकडी झडप. ग्राहक खिडकीतून फोन आत द्यायचा, आम्ही आतून घ्यायचो. बाहेरच्याला आतलं काही दिसायचं नाही, आणि आम्हाला फक्त हात दिसायचे. तिथे रफीकभाई बसायचे, पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं कमी. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्याकडे नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हाथ काँपता तो नहीं?" मी नाही म्हटलं. "फिर सीख जाओगी." त्यांनी मला शिकवलं. गरम हवेनं पडदा सुटा कसा करायचा, पाणी गेलेला बोर्ड ब्रशनं कसा धुवायचा, जळालेला तुकडा भिंगाखाली कसा शोधायचा. मला ते काम आवडायला लागलं, हे कबूल केलं पाहिजे. पण शिक्षा म्हणून मिळालेलं काम आवडणं ही विचित्र गोष्ट आहे. ज्यानं शिक्षा दिली त्याला वाटतं, आपण भलंच केलं.

मागच्या खोलीत मला कळलं की पुढच्या काउंटरवर मी जे लोक पाहिले होते ते अर्धेच होते. तिथे रंगासाठी भांडणारी माणसं इथे खिडकीशी येऊन रंगाचं नावही काढत नव्हती. पाठ फुटली तर वाईट वाटायचं, एक पोरगा तर नव्या फोनवरच्या नुसत्या ओरखड्यासाठी खरोखर रडला होता, पण चार-सहा महिने जुन्या फोनसाठी असं कोणी रडत नाही. तोवर चमक डोळ्यांना सवयीची होते. मग माणूस भलत्याच गोष्टीत गुंतलेला असतो. एक बाई यायची, तिला फक्त तोच अलार्म हवा असायचा, दुसऱ्या आवाजानं तिला जागच यायची नाही. एक ड्रायव्हर होता, त्याचा फोन दोन सिमकार्डांवर दोन वेगळ्या धुनी वाजवायचा, त्यावरून तो घरचा फोन आहे की मालकाचा ते रस्त्यावरची नजर न काढता ओळखायचा. विकताना या गोष्टी आम्ही कधी सांगितल्याच नव्हत्या. आम्हालाच माहीत नव्हत्या.

एका दुपारी खिडकीत एक फोन आला. गुलाबी-केशरी. रंग कडेनं उडालेला, आतून पाण्याची वाफ. बाहेरून बाईचा आवाज, "भैया, बाल्टी में गिर गया. कंपनी वाले बोलते हैं अंदर की प्लेट बदलेगी, सब मिट जाएगा. कुछ मिटना नहीं चाहिए. कुछ भी."

आवाज मी ओळखला.

रफीकभाईंनी विचारलं, "फोटो-वोटो हैं?"

"फोटो नहीं. इनकी आवाज़ है."

मग तिनं तुटक तुटक सांगितलं. तिचा नवरा हरिशंकर पटेल, शहपुऱ्याच्या गल्ला मंडीत, म्हणजे धान्याच्या बाजारात, लिलावाची बोली पुकारायचा. त्याचा आवाज मंडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. घशाचा कॅन्सर झाला, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. हॉस्पिटलमधल्या एका नर्सनं बायकोच्याच फोनवर एक सोय लावून दिली. लिहिलं की फोन ते मोठ्यानं वाचतो. तेव्हापासून तो फोन नवऱ्याचा झाला. त्यात त्यानं नेहमीची वाक्यं साठवून ठेवली होती, नुसतं बोट लावलं की फोन बोलायचा. पानी दो. दवा हो गई. मुन्नी को बुलाओ.

"तो नया फोन ले लीजिए, उसमें भी ये सब होता है," रफीकभाई म्हणाले.

"लिया था. उसमें आवाज़ दूसरी है. मर्द की है, साफ भी है. पर ये छूते ही नहीं. पोती भी बोलती है, ये दादाजी नहीं हैं." मग ती म्हणाली, "इसमें औरत की आवाज़ है, भैया. पहले हम लोग बहुत हँसे थे."

मी तो फोन उघडला. बोर्डावर हिरवट गंज चढला होता. ते काम किती अवघड होतं याचं वर्णन करत नाही, असे फोन आम्ही नेहमी करत होतो आणि निम्मे मरतही होते. पण हा मरू द्यायचा नाही, असं मला वाटत होतं, आणि का वाटत होतं ते माझं मलाच कळत नव्हतं. त्या बाईसाठी तर नक्कीच नाही. रफीकभाईंनी एकदा येऊन भिंगातून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा धुतला. वीज पोहोचवणारा एक तुकडा शॉर्ट झाला होता, तो बदलला. पडदा उजळला तेव्हा मी त्यातलं एक वाक्य दाबून पाहिलं. बाईचा एक गोड, सपाट आवाज खोलीत म्हणाला, "मैं यहीं हूँ." रफीकभाईंनी चष्मा काढून पुसला.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघं आले. सेठजी एवढे खूश की म्हणाले, "आइए, आपको कारीगर से मिलाते हैं," आणि त्यांना सरळ मागच्या खोलीत घेऊन आले. आपण मला तिथे का बसवलं आहे हे त्या क्षणी ते विसरले असावेत.

पटेलजी उंच, हडकुळे, गळ्याला सुती रुमाल. मी उभी राहिले आणि फोन पुढे केला. तो बायकोनं घेतला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला ओळखलं की नुसते डाग ओळखले, कोण जाणे. तिचा हात पर्समध्ये गेला. रुमाल निघाला. फोनची पाठ, मग पडदा, मग कडा.

पटेलजींनी तो तिच्या हातातून हिसकावला. घाईघाईनं बोट लावलं. बोट चुकलं. फोन म्हणाला, "टीवी की आवाज़ कम करो."

कोणी हसलं नाही. ते लिहायला लागले. दोनदा खोडलं. आम्ही सगळे उभे. मग बाईचा तो गोड आवाज, राग नाही, लोभ नाही, बातम्या सांगाव्यात तसा:

"मत पोंछो."

त्यांनी पुन्हा दाबलं. "मत पोंछो." पुन्हा. "मत पोंछो." ज्या माणसाला अख्खी मंडी ऐकायची, त्याला ओरडायचं होतं. ओरडता येत नव्हतं म्हणून तो तेच तेच दाबत होता, आणि मशीन प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे म्हणत होती. त्यांचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या आणि आवाज शेजारीण बोलावी तसा.

बाईचा चेहरा लाल झाला. "आदत है जी मेरी," ती मला म्हणाली. "मैं तो सब्ज़ी भी पोंछ के रखती हूँ."

"कोई बात नहीं," मी म्हटलं. दुकानातली माणसं हेच म्हणतात. मला दुसरं काही म्हणायचं होतं, पण इतक्या वर्षांच्या सवयीनं तेच आलं.

जाताना पटेलजींनी हात जोडले. बाईनं मिठाईचा डबा सेठजींच्या हातात दिला. तो पुढच्या काउंटरवर वाटला गेला, एक-एक तुकडा आमच्याकडेही आला. त्यानंतर तो फोन परत आला नाही. चांगला दुरुस्त झालेला फोन परत येत नसतो. आमच्या कामातलं यश म्हणजे माणसं कायमची दिसेनाशी होणं. पटेलजी कसे आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही.

पुढे सेठजींचं वय झालं आणि दुकान मुलाच्या हाती आलं. निखिल बाहेर शिकून आलेला, बोलायला गोड. त्यानं दुकान नव्यानं करायचं ठरवलं. एक दिवस लॅपटॉपवर चित्र दाखवलं. आमच्या खोलीची भिंत नाही, तिच्या जागी काच. आत निळा उजेड, पांढरी टेबलं.

"लाइव सर्विस, दीदी. कस्टमर के सामने फोन खुलेगा. भरोसा बढ़ता है."

मी म्हटलं, चांगलं आहे. खरंच चांगलं होतं. खिडकीच्या झडपेमागे काय होतं याचा लोकांना संशय असायचाच.

तो जरा अडखळला. "आपके लिए भी सोचा है. एक मेकअप वाली आएगी, सिखा देगी. आजकल स्किन से एकदम मैच हो जाता है. पता ही नहीं चलता."

मी त्याला सांगितलं की गरम हवेच्या मशीनपुढे दिवसभर घाम येतो, तो रंग बोर्डावर टपकेल. तो हसला. "फिर तो दीदी..." आणि पुढचं बोलवेना त्याला. मुलगा सभ्य होता. मग मीच ते वाक्य पुरं केलं, "फिर तो मैं नहीं बैठूँगी." त्याच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. रफीकभाईंना निळा टी-शर्ट मिळाला आणि केस रंगवायला सांगितले. त्यांनी रंगवले. त्यांच्या घरी खाणारी तोंडं होती, मी त्यांना काय बोलणार.

माझ्या निरोपाच्या दिवशी केक आणला होता. निखिलनं त्याच आठवड्यात आलेला नवा फोन काढला आणि सगळ्यांचा फोटो घेतला. मग मला आणून दाखवला, "देखिए दीदी, कितनी अच्छी आई हैं आप." फोटोत माझा चेहरा एका रंगाचा होता. ओठ, पापण्या, सगळं सारखं. रफीकभाईंच्या सुरकुत्याही गेल्या होत्या. हे नवे फोन न सांगताच चेहरा साफ करतात, ती सोय आधीपासून चालू असते. बंद कुठून करायची ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "निखिल, ये बंद करके एक और ले लो."

"अब रहने दीजिए ना दीदी, इतनी बढ़िया आई है," तो म्हणाला, आणि केक कापायला घेतला.

आता मी घरीच थोडीफार दुरुस्ती करते. आसपासची माणसं फोन आणून देतात, ओसरीवर बसून चहा पितात. काही महिन्यांमागे आईच्या फोनचा चार्जर बिघडला आणि मी दुकानात गेले. ओळखू येत नव्हतं इतकं चकचकीत झालंय. काउंटरच्या मागच्या भिंतीवर एक मोठा पडदा लावलाय, त्यावर नव्या फोननं काढलेले फोटो एकामागून एक येतात, कॅमेरा किती चांगला ते दाखवायला. मी उभी असताना त्यात माझा आला. फक्त माझा, बाकीचे कापलेले. स्वच्छ, हसरा चेहरा, आणि खाली मोठ्या अक्षरांत, "हर चेहरा खूबसूरत."

त्याच्या खाली एक नवी, सुंदर मुलगी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, नजर जरा हलली, पण हसून म्हणाली, "जी दीदी, क्या दिखाऊँ?" मी चार्जर मागितला. तिनं तो माझ्या हातात न देता काचेवर ठेवला आणि हात मागे घेतला.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "वळखलं काय त्यायनं तुले?"

मी म्हटलं, "फोटोले वळखून राहिले."